घरचा आचार आणि बोलीतील त्याची नावे

धर्मशास्त्राचे ग्रंथ उघडले म्हणजे श्रुती, स्मृती आणि शिष्टांचा आचार अशा क्रमाने धर्माची प्रमाणे सांगितलेली दिसतात. परंतु बालकाला धर्माची ओळख या क्रमाने होत नाही. ती त्याला घरात होते, आणि घरच्या बोलीत होते. पंचांगातील चतुर्थी वाचता येण्याच्या कितीतरी आधी चवथ त्याच्या कानी पडलेली असते. षष्ठीपूजन हा शब्द त्याला कळण्यापूर्वी, जन्मानंतर सहाव्या रात्री, त्याची सटी पुजून झालेली असते. पुढे तो शाळेत जातो, ग्रंथ वाचतो, शहरात नोकरीस राहतो, आणि मग एके दिवशी त्याला चवथ म्हणण्याचा संकोच वाटू लागतो. आजचा विषय आहे तो या संकोचाचा. डिचोली आणि पेडणे या भागांतील घराघरांतून नित्यनैमित्तिक आचारांना जी नावे आहेत ती टिकावीत, की पुस्तकातील शुद्ध समजल्या जाणाऱ्या शब्दांनी त्यांची जागा घ्यावी, हा प्रश्न वरवर दिसतो तेवढा लहान नाही.

या प्रश्नाचा विचार करताना मीमांसाशास्त्राचे साहाय्य घेणे उचित होईल. मीमांसकांनी वेदाचे विधी, मंत्र, नामधेय, निषेध आणि अर्थवाद असे पाच भाग केले आहेत. यांतील नामधेय म्हणजे कर्माचे नाव. केवळ नावाला एवढे महत्त्व का द्यावे, अशी शंका येणे साहजिक आहे. त्यावर मीमांसकांचे उत्तर असे की, जे कर्म करावयाचे आहे त्याची मर्यादा नावामुळे ठरते. नाव नसेल तर अमुक एक कर्म इतर कर्मांहून वेगळे आहे हेच कळणार नाही. वैदिक कर्माविषयीचा हा सिद्धांत घरच्या आचारालाही लावून पाहण्यासारखा आहे. बोलीतील नाव नुसते पुकारण्यासाठी नसते. काय आणावे, कधी करावे, कोणी करावे आणि कोणासह करावे, एवढे सारे त्या एका नावात साठविलेले असते.

पाळी हा डिचोली तालुक्यातील, मांडवीच्या खोऱ्यात वसलेला गाव. अशा गावातील एका घरात तीन भाषा सुखाने नांदतात. स्वयंपाकघरात आणि अंगणात कोकणी, पोथीत, कीर्तनात व व्रताच्या कहाणीत मराठी, आणि पूजेच्या मंत्रात संस्कृत. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगीज सत्तेखाली गेले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश मात्र १७८१ ते १७८८ या काळात त्या सत्तेकडे आले, तोपर्यंत तेथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. दिवाडी बेटावरून हलविलेल्या श्रीसप्तकोटेश्वराला डिचोली तालुक्यातील नार्वे येथे आश्रय मिळाला आणि तेथील देवालयाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, हे सर्वश्रुतच आहे. देवाला ज्या भूमीने आश्रय दिला तिने देवाच्या सेवेतील शब्दांनाही आश्रय दिला. म्हणूनच या शब्दांचा विचार येथे करणे विशेष उचित होय.

आता या शब्दांवर येणारा पहिला आक्षेप पाहू. हे शब्द अपभ्रष्ट आहेत, असे सुशिक्षित लोक म्हणतात. वस्तुतः चतुर्थीचे प्राकृतात चउत्थी झाले आणि चउत्थीची चवथ झाली. षष्ठीची छट्ठी आणि सटी झाली, पौर्णिमेची पुनव झाली, आदित्यवाराचा आयतार झाला, दृष्टीची दिष्ट झाली. ही वाट नियमबद्ध आहे; संस्कृत नाटकांतील स्त्रीपात्रे ज्या प्राकृतात बोलतात त्याच प्राकृतातून ती गेलेली आहे. फाल्गुनातील शिगमो घ्या. ग्रीष्माशी नाते सांगणारा सुगिम्हअ हा प्राकृत शब्द या नावाच्या मुळाशी आहे, असे अभ्यासक मानतात. महाराष्ट्रातील शिमगा आणि गोव्यातील शिगमो ही एकाच मातेची दोन लेकरे ठरतात. भगवान पतंजलींनी महाभाष्यात गौः या शब्दाचे गावी, गोणी इत्यादी अपभ्रंश सांगितले, हे पाठशाळेतील प्रत्येक विद्यार्थी जाणतो. परंतु त्याच ग्रंथाच्या त्याच आरंभीच्या आह्निकात त्यांनी कंबोज, सुराष्ट्र, प्राच्य आणि उदीच्य देशांत कोणते शब्द कोणत्या अर्थाने चालतात याचीही नोंद केली आहे, याकडे दुर्लक्ष होते. कापणे या अर्थी पूर्वेकडे कोणता शब्द चालतो आणि उत्तरेकडे कोणता, हे सांगणे त्या महामुनींना कमीपणाचे वाटले नाही. कापणी हे शेतकऱ्याचे काम. तेथील देशभेद महाभाष्यात येतो, तर चवथीचा आणि दिवाळीचा देशभेद आपल्या घरी उपेक्षित का राहावा?

दिवाळीचा एक शब्द या दृष्टीने फार बोलका आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानानंतर तुळशीपुढे कडू कारीट पायाने चिरडावयाचे आणि मग घरोघरी फोव खावयाचे, हा गोव्यातील दिवाळीचा मुख्य विधी. दुधातले, ताकातले, गुळाचे, फोडणीचे असे नाना प्रकारचे फोव त्या दिवशी होतात आणि शेजारच्यांना अगत्याने बोलावून दिले जातात. फोव म्हणजे पोहे. हा शब्द ऐकून एखाद्या नवशिक्षिताला हसू येईल. परंतु संस्कृतात पोह्यांना पृथुक म्हणतात, आणि पोहे व फोव हे दोन्ही शब्द त्या पृथुकापासूनच आलेले आहेत. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याने वस्त्राच्या टोकाला बांधून भगवंताकडे नेले ते हेच पृथुक. तेव्हा दिवाळीला फोव खावयास या, असे जी गृहिणी म्हणते, तिच्या तोंडी सुदाम्याच्या गाठोड्यातील शब्दच नांदत असतो.

तरी शब्दांची कुळी शोधणे हा या विवेचनाचा शेवट नव्हे. कुळी हीन असती तरी चालले असते. पुरुमेंत हा शब्द पाहा. पोर्तुगीज भाषेतील तरतूद या अर्थाच्या प्रोव्हिमेंतु या शब्दापासून तो झाला. परंतु चैत्र-वैशाखात, पाऊस सुरू होण्यापूर्वी, मीठ, मिरची, कांदे, चिंच, सोलां, आंबोशी, फणसाच्या आठळ्या यांचा चार महिन्यांचा साठा करून ठेवणे, असा त्याचा नेमका अर्थ आहे. हिंदू आणि ख्रिस्ती या दोन्ही घरांत तो सारखाच रूढ आहे. त्याऐवजी सामान म्हटले की काळाची अट गेली, खरेदी म्हटले की घरात वाळविलेल्या वस्तू गेल्या. नदीनाल्यांना पूर आला की वाट बंद होणार, तेव्हा गृहिणीने आधीच सावध असावे, ही सारी नीती त्या एका परकीय कुळाच्या शब्दात आहे. घराने त्याला दत्तक घेतले, आणि तो घराचा झाला.

श्रावण लागला म्हणजे आयतार सुरू होतात. नवविवाहिता श्रावणातील आदित्यवारी पाने-फुले जमवून सूर्याची पूजा करतात. तिला नुसते आयतार पुजणे असे म्हणतात. येथे वाराचे नाव हेच व्रताचे नाव झाले आहे. रविवार म्हटला की आजकाल सुटीचा दिवस डोळ्यांपुढे येतो. आयतार म्हटला की पूजेचा पाट पुढे येतो. याच महिन्यात दूर्वा व नाना फुलांची जुडी बांधून तुळशीपुढे पुजावयाची, तिला चूड किंवा चूडी म्हणतात. गोव्यातून निघून कानडा किनाऱ्यावर स्थायिक झालेल्या सारस्वत कुटुंबांनी शतकानुशतके परमुलखात राहूनही ही चूडी आणि हळदीच्या पानात शिजविलेली पातोळी नावासह जपली. घरे सुटली, कुळागरे सुटली, पण नाव बरोबर असल्यामुळे आचार पुन्हा उभा राहू शकला. नावाचे सामर्थ्य यापेक्षा निराळ्या प्रकारे सिद्ध करावयास नको.

आता चवथीकडे वळू. श्रीगणेशाच्या मस्तकावर लाकडी चौकटीला फळे, पाने, फुले बांधून टांगावयाची, तिला डिचोलीकडे माटोळी म्हणतात. पलीकडे सावंतवाडी-मालवणकडे तिलाच माटवी असे नाव आहे. गोव्याच्या बोलीत माटव म्हणजे मांडव. त्याचेच हे लहान रूप समजले जाते. माटोळीला काय बांधतात? नारळ, बेड्यांचा कातरो, केळ्यांचा घड ही तर घरची संपत्ती. परंतु तेवढ्याने माटोळी होत नाही. रानातील कांगलां हवीत, लालभडक कवंडळ हवे, आंबाडे, करमल, तोरिंगण हवे, खुळखुळ वाजणाऱ्या घागऱ्यो हव्यात. यांतील काही फळे खाण्याजोगी नाहीत. कवंडळ तर कडूच. तरीही त्याला देवाच्या माथ्यावर स्थान आहे, कारण माटोळी म्हणजे त्या ऋतूत त्या गावच्या भूमीने जे जे निर्माण केले त्याची देवापुढे मांडलेली हजेरी होय. गोड तेवढे देवाला आणि कडू ते रानाला, असा पंक्तिप्रपंच तेथे नाही.

या शब्दाच्या जागी सजावट हा शब्द येऊ लागला आहे, आणि येथे नामधेयाचा सिद्धांत प्रत्यक्ष अनुभवास येतो. सजावट कशाचीही होते. प्लास्टिकच्या फळांची होते, कागदी फुलांची होते, विजेच्या दिव्यांची होते. सजावटीला प्लास्टिकचे आंबाडे चालतात, माटोळीला ते चालत नाहीत. कोणी नियम करून निषेध केलेला नाही. नावच निषेध करते. जोवर घरात माटोळी हे नाव आहे तोवर चवथीच्या आदल्या दिवशी घरातील कोणीतरी रानाची वाट धरील, निदान माटोळीच्या बाजारात जाऊन त्या त्या फळाचे नाव घेऊन ते मागील.

चवथीचा दुसरा शब्द वजें. नवविवाहित मुलीच्या सासरी माहेराहून पहिल्या चवथीला फळे, नेवऱ्या, लाडू इत्यादी पदार्थांच्या टोपल्या जातात, त्यांना वजें म्हणतात. मराठीतील ओझे आणि हे वजें एकच. वाहून न्यावयाचे ते वोज्झ, असे त्याचे प्राकृत मूळ. पुस्तकी मराठीत ओझ्याचा अर्थ भार एवढाच उरला, गोव्याच्या बोलीत मात्र त्यातील माया शिल्लक राहिली. वजें सासरी पोचले की ते एकट्याने खावयाचे नसते. शेजारीपाजारी, आप्तेष्टांत ते वाटावयाचे असते, म्हणूनच ते ओझ्याएवढे पाठवावयाचे. भेट एका हाताची असू शकते, वजें मात्र साऱ्या वाड्याचे असते. ऐपत नसताना मोठे वजें पाठविण्याचा आग्रह धरणारे लोकही असतात, हे खरे. तो दोष मनुष्याच्या लोभाचा. नावातील अर्थ वाटून घेण्याचा आहे, मोजून घेण्याचा नाही, हे अशा वेळी वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगावे. पेडण्याकडे आणि लगतच्या सावंतवाडी भागात गौरीच्या दिवशी नवी सून सुपात फळे-भाज्या मांडून गौरीला ओवसते, त्याला ओवसो म्हणतात. नव्या घरात आलेल्या मुलीला त्या घराच्या देवतेपुढे स्वतःच्या हातांनी सूप धरण्याचा जो मान मिळतो, तो या शब्दात आहे.

कार्तिकातील तुळशीच्या लग्नाला गोव्यात व्हडली दिवाळी म्हणतात. त्या दिवशी वृंदावनात दिंड्याची काठी नवरदेव म्हणून रोवतात, सोबत आवळ्याची आणि चिंचेची फळांसह डहाळी. नवरदेव हा रानातील दिंडा आहे. नुसती काठी म्हटले तर कोणतीही काठी चालेल. दिंडा म्हटले तर तो ओळखणारा मनुष्य गावात असावा लागतो.

पौषाच्या चांदण्या रात्री स्त्रिया ज्या जागी धालो खेळतात ती मांड. मांडावर पादत्राणे घालून कोणी जात नाही. तिला रंगमंच म्हणून पाहा, पादत्राणे आपोआप परत येतात. धालो असो की शिगमो, आरंभी गाराणें घातले जाते. पुस्तकी मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. गोव्यात आणि तळकोकणात ते देवाला घातलेले साकडे. गाराणें एकाने बोलावयाचे, पण साऱ्या गावाच्या वतीने बोलावयाचे, आणि जमलेल्या सर्वांनी होकार द्यावयाचा. त्याला प्रार्थना म्हटले तर ती एकट्याचीही होऊ शकते. गाराण्यात मात्र गावातील गरीब, परगावी गेलेला, आजारी, सारे येतात. कोणाला वगळून गाराणें होत नाही.

सज्जनहो, या शब्दांवर एके काळी राजसत्तेचा दंड उगारला गेला होता. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली. ते १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम निघाला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने धर्मांतरित लोकांसाठी जो जाहीरनामा काढला, तो अ. का. प्रियोळकर यांच्या गोव्यातील इन्क्विझिशनविषयीच्या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथामुळे अभ्यासकांना सुलभ झाला. त्यात घराच्या आवारात तुळस लावणे, लग्नात ओव्या गाणे, विडे व फुले वाटणे, हळद-तेल लावणे, एवढेच नव्हे तर मीठ न घालता भात शिजविणे, पुरुषांनी धोतर आणि स्त्रियांनी चोळी घालणे यांचाही निषेध आहे. ज्यांचा धर्म बदलून पिढ्या लोटल्या होत्या त्यांच्याही घरातील हे आचार गेले नव्हते, याचीच ती कबुली होय. ज्यांनी हे शब्द पुसण्यासाठी लेखणी उचलली त्यांनीच त्यांची यादी करून ठेवली, आणि आज ती यादी घरगुती आचाराचा एक जुना पुरावा म्हणून वाचली जाते. ख्रिस्ती घरांतील लग्नांत आजही वोव्यो म्हणतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत पातोळ्योही होतात.

दंडाने जे झाले नाही ते आता औदासीन्याने होऊ पाहत आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाळीच्या परिसरातील डोंगर लोहखनिजासाठी खणले गेले. खाणींनी अनेक घरांना अन्न दिले, हे नाकारता येत नाही. २०१२ आणि २०१८ मध्ये त्या थांबल्या तेव्हा किती चुली अडचणीत आल्या हेही साऱ्यांनी पाहिले. परंतु डोंगराची माती निघून गेली म्हणजे तिच्यावरची झुडपेही जातात. झुडूप गेले की त्याचे फळ माटोळीला येत नाही, आणि दोन-चार वर्षे फळ आले नाही की त्याचे नाव कोणी उच्चारीत नाही. याच्या उलटही घडते. रानात वेल असते, पण तिचे नाव जाणणारी आजी घरात नसते. मग ती वेल निव्वळ तण ठरून कोयत्याखाली जाते. वस्तू गेल्याने नाव जाते तसे नाव गेल्याने वस्तूही जाते. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयातर्फे माटोळीच्या स्पर्धा होतात आणि त्यामुळे विस्मृत वनस्पतींचा शोध पुन्हा होऊ लागला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु स्पर्धा वर्षातून एकदा येते, आचार बारा महिने घरात राहतो.

मग कर्तव्य काय? प्रथम पुरोहितवर्गाने पूजेच्या साहित्याची यादी देताना संस्कृत नावाशेजारी बोलीतील नाव अवश्य द्यावे. गणेशाच्या पत्रींत अपामार्ग, बृहती, अर्क अशी नावे येतात. ती ऐकून यजमान बाजारात जातो. आघाडा, डोरली, रुई असे सांगितले तर त्यांतील एखादी त्याला परसातच सापडते. दुसरे, गृहिणींनी आपल्या घरातील विधींची, त्यांतील वस्तूंची आणि पदार्थांची नावे एका वहीत लिहून ठेवावीत. परगावाहून आलेल्या सुनेच्या माहेरचे नाव वेगळे असेल तर तेही शेजारी लिहावे. माटोळी आणि माटवी या दोघींना एका वहीत जागा आहे. कोणते नाव मराठीचे आणि कोणते कोकणीचे, हा वाद त्या वहीत आणू नये. घराने दोन्ही भाषांना एकाच दिव्याच्या उजेडात वाढविले आहे. तिसरे, मुलाने चवथ म्हटले तर त्याला सुधारून चतुर्थी म्हणावयास लावू नये. दोन्ही शब्द त्याला शिकवावेत, आणि पहिल्यातून दुसऱ्याकडे जाण्याची वाट दाखवावी. खरे संस्कृत शिक्षण ते हेच.

विवाहप्रसंगी देशोदेशीचे आणि गावोगावचे निरनिराळे आचार पाळावेत, असे आश्वलायनांच्या गृह्यसूत्रात सांगितले आहे. आपस्तंबांनी तर याहून पुढे जाऊन, अशा लौकिक कृत्यांचे ज्ञान स्त्रियांकडून घ्यावे असे म्हटले आहे. सूत्रकारांनी जेथे ग्रंथ बाजूस ठेवून घरातील वृद्ध स्त्रीकडे बोट दाखविले, तेथे तिच्या बोलीला अशुद्ध म्हणण्याचा अधिकार सूत्रे शिकणाऱ्यांना नाही. तिच्याजवळ जे आहे ते तिच्याच शब्दांत विचारून घ्यावे लागेल, आणि ते ती आहे तोवरच विचारून घ्यावे लागेल. देवालयात सेवेची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पण सेवा खंडत नाही. कारण पाळी सोडणारा पाळी घेणाऱ्याला सारे सांगून जातो. घरच्या आचाराचेही तसेच व्हावे, आणि श्रीदेवाच्या कृपेने येत्या चवथीला प्रत्येक घरातील मुलाने माटोळीकडे बोट करून एकेका फळाचे नाव विचारावे, आणि ते सांगणारे कोणीतरी त्या घरात असावे.